किमान शिक्षेचे कायदे बदलायला हवेत का? (अंमली पदार्थांचा एनडीपीएस, मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांचा पोक्सो वगैरे)

मागचा_बाक:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते विचारतो. धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

आमच्या ओळखीतल्या एका मुलाला गांजाच्या केसमध्ये १० वर्षं सक्तमजुरी आणि १ लाख दंड झालाय. टेम्पोवर क्लीनर होता, वय १९. गाडीत २३ किलो माल सापडला, ड्रायव्हर आणि हा जागेवरच पकडले गेले, माल कुणाचा आणि कुठे चालला होता ते शेवटपर्यंत बाहेर आलंच नाही, मालक म्हणून ज्याचं नाव आलं तो कागदावर फरार. पोराला माहीत होतं का? थोडंफार असणार, नेहमीपेक्षा जास्त पैसे कबूल केले होते त्याला, त्यामुळे अगदी धुतल्या तांदळासारखा होता असं मी म्हणत नाहीये. पण मी निकालपत्र वाचलं आणि त्यात शिक्षेचा भाग जेमतेम पाऊण पानाचा. शिक्षेबद्दल काय म्हणायचंय विचारलं, तो म्हणाला पहिलाच गुन्हा आहे, आई आजारी असते, दया करावी. ते सगळं नीट लिहून घेतलंय. आणि लगेच खाली, कायद्याने १० वर्षांपेक्षा कमी शिक्षा देण्याची मुभा या कोर्टाला नाही. संपलं. ड्रायव्हरला तेवढीच, याला तेवढीच.

मग विचारायचंच कशाला? न्यायाधीशांनी केस ऐकायची, साक्षीपुरावे बघायचे, आणि आकडा मात्र संसदेने आधीच ठरवून ठेवलेला. हे असंच असायला हवं का, की बदलायला हवं? जाणकारांनी सांगावं. 'गुन्हा केला ना मग भोगा' एवढंच लिहायचं असेल तरी चालेल पण कारण द्या.

सरळसोट:
कारण देतो की. त्या २३ किलोच्या पुड्या होऊन कॉलेजच्या बाहेर विकल्या गेल्या असत्या, त्या पोरांच्या आयांचं काय? आणि न्यायाधीशाला मोकळीक दिली की फायदा तुमच्या क्लीनरला मिळेल असं वाटतं का तुम्हाला? मोकळीक म्हणजे ज्याचा वकील भारी त्याची शिक्षा कमी. बिल्डरचा पोरगा सापडला की 'उज्ज्वल भविष्य', 'सुधारण्याची संधी', आणि झोपडपट्टीतला सापडला की 'समाजाला धडा'. किमान शिक्षा असली की निदान दोघांना १० तर १०. मला तरी त्यात काही चूक दिसत नाही.

काळाकोट_जिल्हा:
मी जिल्हा कोर्टात फौजदारी बघतो, बचावाची बाजू जास्त, त्यामुळे माझं मत एका बाजूला झुकलेलं आहे हे धरूनच वाचा.

मागचा_बाक, तुमच्या केसमधला सगळ्यात महत्त्वाचा आकडा १० नाही, २३ आहे. गांजाला १ किलोपर्यंत 'स्मॉल', २० किलोच्या वर गेलं की 'कमर्शियल', आणि मधलं सगळं मधलं. मधल्याला १० वर्षांपर्यंत शिक्षा, म्हणजे न्यायाधीश २ देऊ शकतात, ४ देऊ शकतात, आधी भोगलेल्यावरही सोडू शकतात. २० च्या वर गेलात की १० पासून सुरुवात, २० पर्यंत, दंड किमान १ लाख. जामिनाचंही तसंच, कमर्शियल म्हटलं की कलम ३७ आडवं येतं, आरोपी निर्दोष असावा असं मानायला सबळ कारण आहे आणि बाहेर गेला तर परत गुन्हा करणार नाही, या दोन्हीवर कोर्टाचं समाधान झाल्याशिवाय जामीन नाही. म्हणजे १९ किलो ९०० ग्रॅमवाला काही महिन्यांत घरी आणि २० किलो १०० ग्रॅमवाला खटला संपेपर्यंत आत.

आता हे वजन करतं कोण? रात्री दीड वाजता हायवेच्या कडेला, जवळच्या दुकानदाराकडून मागवलेल्या काट्यावर, हवालदार. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा, बोंडं. फुलोरा सोबत नसेल तर बिया आणि पानं गांजात धरत नाहीत. प्रत्यक्षात गोणी उचलून काट्यावर ठेवतात, त्यात काड्या, देठ, पानं, ओल सगळं आलं. मी उलटतपासात विचारतो की गोणी रिकामी करून वजन केलं का, फुलोरा वेगळा केला का, तर उत्तर ठरलेलं, 'आठवत नाही' नाहीतर 'पंचनाम्यात नमूद आहे'. कधीकधी एवढ्यावर केस सुटते. बहुतेक वेळा नाही सुटत.

अजून एक गंमत (गंमत कसली) ऐका. कायदा आला १९८५ साली. तेव्हा हेरॉईन, चरस वगैरेला १० वर्षांची किमान शिक्षा होती आणि वजनाचा हिशोबच नव्हता, स्वतःपुरतं थोडंसं ठेवलंय हे सिद्ध करता आलं तर वेगळं, नाहीतर पुडी काय आणि पोतं काय सारखंच. त्यात व्यसनी पोरंच जास्त अडकली म्हणून २००१ साली दुरुस्ती करून हे स्मॉल-कमर्शियल आणलं. दुरुस्ती चांगलीच होती. पण गांजाला त्याआधी जास्तीत जास्त ५ वर्षं होती! म्हणजे तुमचा मुलगा १९९५ साली सापडला असता तर ५ च्या पुढे शिक्षा देताच आली नसती, आणि आता १० च्या खाली देता येत नाही. गांजा तोच आहे.

आणि सरळसोट, दोघांना १० तर १० हे ऐकायला बरं वाटतं, पण बिल्डरचा पोरगा २३ किलो घेऊन टेम्पोत बसतच नाही हो. माल ज्याचा असतो तो मालाजवळ नसतो. कमर्शियलमध्ये माझ्याकडे येतात ते ड्रायव्हर, क्लीनर, हमाल, कुरिअरवाले, कधी खोली भाड्याने दिलेली बाई.

रेवाताई:
धागा वाचतेय कालपासून, लिहू की नको करत होते.

मी पोक्सोच्या केसेसमध्ये सपोर्ट पर्सन म्हणून काम करते, म्हणजे तक्रार झाल्यापासून निकाल लागेपर्यंत मुलीबरोबर (मुलगेही असतात) कोर्टात जायचं, घरच्यांना समजावायचं, तारीख कळवायची वगैरे. त्यामुळे माझ्यापुढे दुसरीच बाजू येते.

आधी हे सांगते की किमान शिक्षा का आली. आपल्याच महाराष्ट्रातलं मथुरा प्रकरण आठवतं का कुणाला, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं, पोलीस ठाण्यात झालेलं, सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना सोडलं आणि त्यावर देशभर बायका रस्त्यावर आल्या. त्यातून १९८३ ची दुरुस्ती आली आणि बलात्काराला ७ वर्षांची किमान शिक्षा ठरली. पण शेपूट ठेवलं होतं, 'पुरेशी आणि विशेष कारणं' नोंदवून न्यायाधीश त्याहून कमी देऊ शकतात. ती कारणं काय असायची वाचलीत तर डोकं फिरेल. आरोपी तरुण आहे, घरात एकटाच कमावता आहे, दोघांची लग्नं झालीयेत आता. कर्नाटकातल्या एका केसमध्ये सात-आठ वर्षांच्या मुलीवर अत्याचार, खालच्या कोर्टाने १० वर्षं दिली, हायकोर्टाने ती ४ वर आणली आणि कारणांमध्ये आरोपीचं अडाणीपण, दारूचं व्यसन आणि घरची म्हातारी आई, बायकापोरं! सुप्रीम कोर्टाने २००० साली परत १० केली म्हणून कळलं तरी, सगळ्या केसेस तिथवर जातात थोड्याच. हे शेपूट शेवटी २०१३ मध्ये कापलं. तेव्हा 'न्यायाधीशांवर सोडा' असं कुणी म्हणालं की मला आधी हे सगळं आठवतं, सॉरी.

आता दुसरी बाजू, आणि ती मला हल्ली जास्त छळते. पोक्सोची किमान शिक्षा २०१९ मध्ये वाढवली. आधी ७ होती ती १० झाली, मूल १६ च्या आतलं असेल तर २०, आणि 'अ‍ॅग्रव्हेटेड' (जास्त गंभीर) प्रकारात २० पासून जन्मठेप, फाशीपर्यंत. घरातलाच माणूस असला की तो अ‍ॅग्रव्हेटेड. आणि बहुतेक वेळा घरातलाच, नात्यातलाच, ओळखीतलाच असतो हो. आई तक्रार करायला येते तेव्हा तिला फक्त हे थांबवायचं असतं. मग कुणीतरी तिला सांगतं की काकाला २० वर्षं होणार, आणि घरात सासू, दीर, जाऊ सगळे मिळून तिच्यावर बसतात, 'एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस आयुष्यातून उठवणार का', आणि सहा महिन्यांनी मुलगी साक्षीला उभी राहिली की म्हणते मला काही आठवत नाही. कोर्ट तिला फितूर घोषित करतं. काका घरी. किमान शिक्षा २० आणि मिळालेली शिक्षा शून्य.

तिसरा प्रकार म्हणजे १७ वर्षांची मुलगी, २० चा मुलगा, पळून जातात, बाप अपहरणाची तक्रार देतो, खूपदा जात वेगळी म्हणूनच देतो. सापडेपर्यंत मुलगी गरोदर. आता गरोदर राहिली हेच अ‍ॅग्रव्हेटेडमध्ये बसतं, म्हणजे गुन्हा सिद्ध झाला तर २० च्या खाली जागाच नाही. मुलगी कडेवर बाळ घेऊन तारखेला येते आणि बाहेर बाकावर बसून मला विचारते, ताई, ह्याला सोडतील ना. काय सांगू? न्यायाधीशांपुढे दोनच दारं, २० वर्षं किंवा निर्दोष. मधलं काही नाही. लॉ कमिशनने २०२३ च्या अहवालात हेच सांगितलंय की संमतीचं वय १८ च ठेवा पण १६ ते १८ मधल्या अशा केसेसमध्ये शिक्षा ठरवताना कोर्टाला मोकळीक द्या. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंगालच्या पळून जाण्याच्या एका प्रकरणात गुन्हा सिद्ध धरूनही शिक्षा दिली नाही, पण ते राज्यघटनेच्या कलम १४२ खालचे खास अधिकार वापरून, जे फक्त त्यांनाच आहेत. आमच्या जिल्ह्याच्या कोर्टाने ते कुठून आणायचे.

तेव्हा मी कुठल्या बाजूची आहे ते मलाच विचारू नका.

डल्लासकर:
उत्तम प्रतिसाद रेवाताई, सलाम.

इकडे अमेरिकेत हे सगळं होऊन गेलंय म्हणून थोडक्यात टाकतो. १९८६ च्या कायद्याने ५ ग्रॅम क्रॅकला (कोकेनचे ओढायचे खडे) ५ वर्षं किमान आणि तेवढीच शिक्षा व्हायला पावडर कोकेन लागायचं ५०० ग्रॅम. वस्तू एकच, पण क्रॅकमध्ये पकडले जायचे ते बहुतांशी काळे. तुरुंग भरले. २०१० मध्ये ५ चे २८ ग्रॅम केले, तरी १०० पटीचा फरक १८ पटीवरच आला, बरोबरी नाहीच. २०१८ मध्ये फर्स्ट स्टेप अ‍ॅक्ट आला तेव्हा आधीच्या कैद्यांनाही तो फायदा मिळायला लागला. त्याआधी १९९४ पासून एक 'सेफ्टी व्हॉल्व्ह' आहे, मागचा रेकॉर्ड जवळजवळ कोरा, हिंसा नाही, शस्त्र नाही, टोळीचा म्होरक्या नाही, आणि माहीत आहे ते सगळं खरं सांगितलं, तर न्यायाधीश किमान शिक्षेच्या खाली जाऊ शकतात. तुमचा क्लीनर यात बसला असता असं वाटतंय.

पण मुख्य गोम वेगळी. किमान शिक्षेमुळे इथे न्यायाधीशाची ताकद सरकारी वकिलाकडे गेली. गुन्हा कबूल कर, ३ वर्षं मागतो, खटला लढलास तर १० वालं कलम लावतो. माणसं घाबरून कबूल होतात.

सरळसोट:
आपल्याकडे तसलं प्ली बार्गेनिंग नाही त्यामुळे तो मुद्दा गैरलागू.
रेवाताईंनी जे लिहिलं त्यातला पहिला भाग माझ्याच बाजूचा आहे हे नोंदवून ठेवतो. मोकळीक दिली तेव्हा न्यायाधीशांनी काय दिवे लावले ते दिसलंच.

काळाकोट_जिल्हा:
प्ली बार्गेनिंग आहे, २००६ पासून आहे, फक्त ७ वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांना, आणि बायका-मुलांवरच्या गुन्ह्यांना नाही. कमर्शियल एनडीपीएसला नाहीच. पण सौदा होत नाही असं समजू नका. आपल्याकडे तो कोर्टाच्या आधी होतो, पंचनामा लिहिताना. १८ लिहायचे की २२ लिहायचे. तिथे ना न्यायाधीश असतो, ना वकील, ना कुठे कारण लिहावं लागतं. आमच्या बाररूममध्ये यावर चहा पिता पिता जे बोललं जातं ते इथे लिहीत नाही.

मला या धाग्यावर एवढंच म्हणायचंय की मोकळीक कुठे जात नाही, ती जागा बदलते. खुनाचंच बघा. खुनाला जन्मठेप किंवा फाशी, म्हणजे जन्मठेप हीच किमान शिक्षा झाली की नाही? मग भावाभावांच्या बांधावरच्या भांडणात एकच काठी डोक्यात बसली आणि माणूस गेला, तर कोर्ट काय करतं, खून न धरता सदोष मनुष्यवध धरतं, त्यातही 'हेतू नव्हता, फक्त जाणीव होती' या भागात टाकतं, तिथे खालची मर्यादा नाही. कायद्याने ते बरोबरच असतं बऱ्याचदा. पण कधीकधी स्पष्ट दिसतं की आधी शिक्षा डोक्यात ठरली आणि मग कलम शोधलं. पोक्सोत असं मधलं कलम सापडत नाही म्हणून मग पुरावाच 'विश्वासार्ह नाही' ठरतो, संशयाचा फायदा. जो निकाल दयेने द्यायचा तो पुराव्याच्या नावाने दिला जातो, आणि ते वाईट आहे, कारण उद्या तोच निकाल खऱ्या गुन्हेगाराचा वकील (कदाचित मीच) दाखला म्हणून पुढे ठेवणार.

सुप्रीम कोर्टाने सक्तीची फाशी दोनदा रद्द केलीय, १९८३ मध्ये मिठू प्रकरणात आणि २०१२ मध्ये आर्म्स अ‍ॅक्टचं कलम, कारण न्यायाधीशाला पर्यायच ठेवला नाही तर सुनावणीला अर्थ राहत नाही. मुंबई हायकोर्टाने २०११ मध्ये एनडीपीएसमधली सक्तीची फाशी ऐच्छिक केली, मग २०१४ मध्ये संसदेनेही तसा बदल केला. पण किमान वर्षांच्या बाबतीत कोर्टाचं म्हणणं आहे की तो संसदेचा अधिकार. म्हणजे बदल व्हायचा तर कायद्यातच व्हायला हवा.

कसा, तर रेवाताई म्हणतात ते शेपूट परत आणायचं पण उघडं नाही सोडायचं. 'पुरेशी कारणं' असं मोघम लिहिलं म्हणून घाण झाली. कायद्यानेच सांगावं की कमावता आहे, दारू पितो, लग्न ठरलंय ही कारणं चालणार नाहीत, आणि ही ही चालतील, जसं वय, टोळीतली जागा, मालात हिस्सा होता की फक्त हमाली, वयातलं अंतर, मुलीचं आजचं म्हणणं. खाली गेलेला प्रत्येक निकाल हायकोर्टाने आपणहून तपासावा. फौजदारी न्यायव्यवस्थेच्या सुधारणांसाठीच्या मळीमठ समितीने २००३ लाच शिक्षेची मार्गदर्शक तत्त्वं ठरवायला कायद्याने समिती नेमा म्हणून सांगितलं होतं, अजून काही नाही. उलट नव्या न्यायसंहितेत, जुलै २०२४ पासून, दुसऱ्यांदा चोरी सिद्ध झाली की किमान १ वर्ष. पहिल्यांदा ५ हजारांच्या आतली चोरी असेल आणि माल परत केला तर समाजसेवा. म्हणजे पहिल्या वेळी शहाणपण आणि दुसऱ्या वेळी सायकल नेली तरी वर्षभर आत.

सरळसोट:
कारणांची यादी कायद्यातच आणि तपासणी सक्तीची, हे असेल तर मी ऐकून घ्यायला तयार आहे. पण अंमली पदार्थांत 'फक्त हमाली' हे कारण चालू केलंत तर उद्यापासून सगळेच हमाल होतील, बघा.

रेवाताई:
+१ काळाकोट. फक्त एक, लहान मुलांच्या बाबतीत ही सवलत १६ च्या खाली अजिबात नको. आणि 'मुलीचं आजचं म्हणणं' कोर्टाने सासरच्या माणसांसमोर विचारायचं नाही, बंद खोलीत, एकटीला. नाहीतर तीही सक्तीच.

मागचा_बाक:
सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. काळाकोट साहेब, दोन प्रश्न. १९ वर्षांचा आणि पहिला गुन्हा म्हणून प्रोबेशन वगैरे काही मिळत नाही का? आणि दंड भरायची ऐपत नाहीये घरच्यांची, निकालात लिहिलंय की नाही भरला तर आणखी एक वर्ष, ते या १० मध्येच धरतात का?

काळाकोट_जिल्हा:
प्रोबेशन नाही. दरोडा-जबरी चोरीत ७ वर्षांची किमान शिक्षा असूनही प्रोबेशन देता येतं असं सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये म्हटलंय, पण एनडीपीएसने १८ च्या वरच्यांना ते दार स्वतःच बंद केलंय, अगदी किरकोळ कलमं सोडून. आणि या कायद्यात शिक्षेत माफीही नाही, बाकीच्या कैद्यांना चांगल्या वागणुकीची सूट मिळते तशी धरू नका. खटल्याच्या काळात आत होता ते दिवस मात्र वजा होतात, ते निकालात नीट लिहिलेत का बघा.

दंडाचं वर्ष वेगळं, १० संपल्यावर सुरू होतं. दंड भरला की ती कैद संपते, थोडा भरला तर त्या प्रमाणात कमी होते. अपिलात दंड १ लाखाच्या खाली येणार नाही, पण न भरल्याची कैद एक वर्षावरून कमी करून मागता येते आणि कोर्टं ती कमी करतात, तेव्हा अपिलात तो मुद्दा स्वतंत्र लिहायला सांगा, बरेच जण विसरतात.

अपिलाला हायकोर्टात ६० दिवस आहेत. उलटून गेले असतील तर उशीर माफ करायचा अर्ज जोडायचा, तुरुंगातल्या माणसाला तो बहुतेक मिळतो. वकिलाला पैसे नसतील तर तुरुंग अधीक्षकांमार्फतही अपील जातं आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, कैदेतल्या माणसाला तो हक्कच आहे. पंचनामा, वजनाचा तक्ता, नमुने कुणासमोर घेतले तो कागद आणि केमिकल रिपोर्ट, या चारांच्या प्रती आधी काढा. २३ किलोतले काड्या-देठ किती हे कुणी विचारलं होतं का ते उलटतपासात बघा. नसेल विचारलं तर मला व्यनि करा, कुठली पानं बघायची ते सांगतो.